पोटदुखीची नोंद : गडचिरोलीच्या आरोग्येतिहासातील एक प्रकरण

मज्जातंतू बधिर करून पोटदुखी शमविण्याचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. १९१४ साली जर्मन शल्यचिकित्सक माक्स काप्पिस यांनी पाठीतून सुई घालून उदराच्या वरच्या भागातील मज्जातंतूंचे जाळे बधिर करण्याची पद्धत मांडली. अलीकडे रक्तवाहिनीतून सूक्ष्म नळी महाधमनीपर्यंत नेऊन तेच तंतू उष्णतेने निकामी करण्याचे प्रयोग स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर झाले आहेत. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो त्याआधीच्या पायरीचा. वेदना शमविण्यापूर्वी तिची नोंद व्हावी लागते. गडचिरोलीत ती कशी झाली?

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने वसा व अमिर्झा या गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते. पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण व कुटुंबनियोजन, एवढाच शासकीय कार्यक्रमांचा मुख्य रोख होता. ओटीपोटातील दुखणे, कंबरदुखी, अंगावरून पांढरे जाणे हे बाईपणाचे भोग समजून सोसले जात. राणी बंग यांनी पुढे आपल्या पुस्तकाला ‘कानोसा’ हे नाव दिले, ते अत्यंत समर्पक वाटते.

येथे एक वैद्यकीय भेद महत्त्वाचा आहे. काप्पिस यांनी बधिर केलेले जाळे जठर, यकृत, स्वादुपिंड यांच्या वेदना वाहते. गर्भाशयाच्या वेदनेचा मार्ग त्याहून खालचा. शिवाय जंतुसंसर्ग कायम ठेवून तंतू जाळणे म्हणजे रोगाची खूणच पुसणे होय. या दोन्ही जिल्ह्यांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारात तर विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबवितात व त्यातूनही तीव्र पोटदुखी उद्भवते. नव्या तंत्राला जी रक्तवाहिनी वाट पुरविते, तीच येथे दुखण्याचे मूळ ठरते.

चंद्रपूरला २०१५ मध्ये व गडचिरोलीला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. रक्तवाहिनीतून मज्जातंतू जाळण्याचे तंत्र कधीकाळी तेथवर पोहोचेलही. तूर्त असाध्य कर्करोगाच्या वेदनेवर मॉर्फिन हेच प्रमुख औषध आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन ते मिळविण्याच्या अटी शिथिल करण्यात आल्या.