कराराचे वारस कोण?

आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवाच्या निमित्तानें स्नानसंस्काराचीं जुनीं पुस्तकें चाळीत असतां एक गोष्ट सहज ध्यानांत येते. त्यांतील बहुतेक नांवें तान्ह्या मुलांचीं आहेत. ज्यांना अजून बोलतांही येत नव्हतें, त्यांना ख्रिस्तसभेनें आपल्या घरांत घेतलें. हें योग्य कीं अयोग्य, यावर प्रॉटेस्टंट बंधूंमध्यें जो वाद झाला, त्याचा इतिहास आपणांसही बोधप्रद आहे. कारण हाच प्रश्न कोणी शेजारी विचारतो, तेव्हां आपल्यापैकीं पुष्कळ जण निरुत्तर होतात.

वादाचें मूळ ‘करार’ या शब्दांत आहे. परमेश्वरानें अब्राहामाशीं व त्याच्या संततीशीं करार केला आणि आठ दिवसांच्या मुलग्याची सुंता ही त्याची खूण ठरविली, असें उत्पत्तीच्या १७ व्या अध्यायांत आहे. १५२५ च्या २१ जानेवारीस झुरिक शहरीं झ्विंग्लीच्याच कांहीं शिष्यांनीं पुन्हां स्नानसंस्कार घेतला. अर्भकपणीं झालेला विधि त्यांस मान्य नव्हता. झ्विंग्लीचें उत्तर असें कीं, करार मूळचा एकच. पूर्वीं सुंता, आतां स्नानसंस्कार. पूर्वीं मुलें आंत होतीं, तीं आतां बाहेर कशीं जातील? त्याचा उत्तराधिकारी बुलिंगर यानें १५३४ सालीं याच विषयावर ग्रंथ लिहिला. पुढें वेस्टमिन्स्टर येथें १६४६ सालीं तयार झालेल्या मतपत्रिकेनें हीच रिफॉर्म्ड शिकवण दृढ केली.

इंग्लंडांतील कॅल्व्हिन-मतवादी बाप्टिस्टांनीं १६८९ सालीं मान्य केलेल्या मतपत्रिकेंत वेस्टमिन्स्टरचाच पुष्कळसा मजकूर घेतला. परंतु करार व स्नानसंस्कार यांवरील प्रकरणें बदललीं. त्यांच्यापैकीं नेहेमाया कॉक्स यानें १६८१ सालीं असें प्रतिपादिलें कीं, अब्राहामास दिलेल्या वचनांत दोन गोष्टी भिन्न आहेत. देहाच्या संततीस कनान देशाचें वचन, आणि श्रद्धेच्या संततीस तारणाचें. सुंता ही पहिल्याची खूण. यिर्मयानें भाकीत केलेल्या नव्या करारांत तर लहानथोर सर्वच परमेश्वरास ओळखतात. म्हणून जो स्वतः श्रद्धा प्रकट करील त्यासच स्नानसंस्कार द्यावा.

या वादापायीं रक्तही सांडलें. झुरिकच्या नगरसभेनें १५२७ च्या ५ जानेवारीस फेलिक्स मान्झ यास लिम्माट नदींत बुडविलें. कॅथलिक राजसत्तेखालींही तेंच झालें. त्याच वर्षीं मे महिन्यांत रोटेनबुर्ग येथें मिखाएल झाट्लर यास जाळण्यांत आलें. हें झांकून ठेवण्यांत भूषण नाहीं.

या वादाची लाट आपल्या देशापर्यंतही पोहोंचली. १८१२ सालीं अमेरिकेहून हिंदुस्थानाकडे निघालेल्या मिशनऱ्यांत अडोनायरम जडसन हा होता. तो बालस्नान मानणाऱ्या पंथाचा. पण श्रीरामपुरास बाप्टिस्ट केरी याची गांठ पडणार, हें जाणून त्यानें जहाजावरच या प्रश्नाचा अभ्यास आरंभिला, आणि त्याचें मत पालटलें. ६ सप्टेंबर १८१२ रोजीं कलकत्त्यास त्यानें पत्नीसह बाप्टिस्ट पद्धतीनें स्नानसंस्कार घेतला. पाठविणाऱ्या मंडळाचा आश्रय सोडून तो पुढें ब्रह्मदेशांत गेला. त्याचे सोबती गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे जुन्याच मतावर राहिले. १८१३ च्या फेब्रुवारींत ते मुंबईस पोहोंचले व अमेरिकन मराठी मिशनाचा पाया घातला गेला. एका शब्दाच्या अर्थानें सोबत्यांच्या वाटा अशा वेगळ्या झाल्या.

मग आपण काय म्हणावें? ख्रिस्तसभेची शिकवण अशी कीं, स्नानसंस्कार ही केवळ कराराची खूण नव्हे. त्यांत ख्रिस्त स्वतः कृपाप्रसाद देतो. बालकास तो ख्रिस्तसभेच्या श्रद्धेंत मिळतो, आणि अशा बालकास मोठेपणीं पुन्हां स्नानसंस्कार द्यावा हें मत ट्रेंट येथील महासभेनें १५४७ सालीं अमान्य केलें. बालक आईचें दूध कांहीं योग्यतेनें मिळवीत नाहीं. तें त्यास मिळतें. तथापि १९६४ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें हेंही सांगितलें कीं, ज्यांचा स्नानसंस्कार विधिवत् झाला आहे, ते सर्व, अपूर्ण रीतीनें कां होईना, आपल्याशीं जोडलेले आहेत.

बाप्टिस्ट बंधूंचा एक इशारा मात्र आपण नम्रपणें ऐकावा. आईबापांनीं व धर्ममातापितरांनीं बालकाच्या वतीनें श्रद्धेचा उच्चार करावा आणि पुढें त्यास प्रार्थनाही शिकवूं नये, तर त्या उच्चारास अर्थ काय उरला? या महोत्सवांत आपलें नांव त्या जुन्या पुस्तकांत शोधा. दुसऱ्यांनीं आपल्यासाठीं दिलेला तो शब्द आपण स्वतःचा केला आहे काय, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं विचारावें.