सोबत चालणारा रस्ता

गेल्या वर्षी मृगाचा पाऊस सुरू झाला त्या आठवड्यात रत्नागिरीहून भाच्याचा फोन आला. "मामा, पट्टा तुटला." त्याने कर्ज काढून जपानी बनावटीचा एक जुना मिनी पोकलेन घेतला होता. आंबा-काजूच्या बागांतले खड्डे, घरांचे पाये, पाइपलाइनीचे चर अशी कामे त्यावर चालत. यंत्र आले तेव्हा त्याखाली पोलादी साखळीचे पट्टे होते. ते झिजल्यावर नवे कोणते घ्यावेत हे त्याने मला विचारले, कारण यंत्रांचा इतिहास हा माझा वीस वर्षांचा नाद. त्याच्या यंत्राला पोलादी आणि रबरी दोन्ही चालत होते. मी अधिकारवाणीने सांगितले, "रबरी घे. पोलाद मागच्या शतकातले." तो रबरी पट्टा वर्षाच्या आत जांभ्याच्या उतारावर तुटला. पावसाआधी संपवायची दोन कामे अर्धवट राहिली. बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही.

आधी लाकूड, मग पोलाद, मग रबर अशी एक शिडी माझ्या डोक्यात होती आणि वरची पायरी नेहमी चांगली, असा समज होता. त्या फोननंतर जुनी टिपणे पुन्हा काढून बसलो, तेव्हा लक्षात आले की अशी शिडी कुठे नव्हतीच.

आपल्याकडे पट्ट्यांवर चालणाऱ्या प्रत्येक खोदयंत्राला पोकलेन म्हणतात. पोकलेन हे एका फ्रेंच कंपनीचे नाव. लार्सन अँड टुब्रोने तिच्या सहकार्याने भारतात अशी यंत्रे बनवली आणि कंपनीचे नाव यंत्राच्या जातीलाच चिकटले. पट्ट्याची कल्पना मात्र त्याहून दोनशे वर्षे जुनी. 1770 साली रिचर्ड लव्हेल एजवर्थ या आयर्लंडमधल्या जमीनदाराने एक पेटंट घेतले. कादंबरीकार मरायाचे हे वडील. त्यांचे अपुरे राहिलेले आत्मचरित्र तिनेच पूर्ण केले. एजवर्थची कल्पना अशी की गाडीने आपला रस्ता स्वतःबरोबर वाहून न्यावा. चाकापुढे फळ्या पडत जाव्यात, चाक त्यांवरून जावे आणि मागच्या फळ्या उचलून पुन्हा पुढे याव्यात. त्या काळच्या लोखंडकामाला ही कल्पना पेलली नाही, पण पट्ट्याची इतकी नेमकी व्याख्या नंतरही कोणी केलेली मला आढळली नाही. पट्टा हा चाकाचा प्रकार नाही, तो रस्ता आहे.

रस्ता म्हटला की तो कोणत्या जमिनीवर टाकायचा हा प्रश्न आलाच. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावच्या बेंजामिन होल्टला तो नाइलाजाने सोडवावा लागला. तिथल्या नदीमुखाची जमीन कुजलेल्या वनस्पतींची, काळी आणि स्पंजासारखी. वाफेचे अवजड ट्रॅक्टर तीत रुतत. रुतू नये म्हणून चाके रुंद करत करत काही यंत्रे इतकी आडवी वाढली की ती वळवणेच अवघड झाले. अखेर 24 नोव्हेंबर 1904 रोजी होल्टने मागची चाके काढून तिथे साखळीवर लाकडी पट्ट्या ठोकलेले दोन पट्टे बसवले आणि ट्रॅक्टर त्या चिखलावरून चालवून पाहिला. तो रुतला नाही. त्याची चाल पाहून एका छायाचित्रकाराला सुरवंट आठवला म्हणतात. 'कॅटरपिलर' हे नाव 1910 मध्ये व्यापारी चिन्ह म्हणून नोंदवले गेले. त्या मऊ जमिनीला लाकूड पुरले, कारण तिच्यात लाकडाला कापणारे काही नव्हते.

दगडगोट्यांच्या, चरांनी फाटलेल्या जमिनीवर काय होते ते 1915 मध्ये इंग्लंडमधल्या लिंकन शहरात दिसले. पहिल्या महायुद्धातले खंदक ओलांडणारे वाहन तिथे विल्यम ट्रिटन आणि वॉल्टर विल्सन तयार करत होते. पट्टे त्यांनी शिकागोच्या एका ट्रॅक्टर कंपनीकडून मागवले. सपाट जागी ते चालले. खंदकावर आल्यावर मात्र अधांतरी राहिलेला पट्टा खाली लोंबला आणि पलीकडे पोहोचल्यावर चाकांवर नीट बसेना. शेतासाठी केलेला पट्टा खंदकावर निकामी ठरला. मग बलाटा या रबरासारख्या चिकापासून केलेला पट्टा करून पाहिला. तोही चाचणीत गेला. शेवटी ट्रिटनने दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्यांचा पट्टा केला. सप्टेंबरच्या अखेरीस लंडनला तार गेली. बाळंतपणाची बातमी द्यावी तशा थाटात तिच्यात कळवले होते की बलाटा दगावला, पण दाबीव पत्र्याचे नवे बाळ वजनाने हलके, अंगाने दणकट आहे आणि सर्व खुशाल आहेत. त्या पट्ट्यांवर चाललेले रणगाडे 15 सप्टेंबर 1916 रोजी सोमच्या लढाईत उतरले.

या घटनेकडे मी पूर्वी 'रबराचा पराभव, पोलादाचा विजय' म्हणून पाहत असे. पण त्याच वर्षांत रशियात उलटे घडत होते. अडॉल्फ केग्रेस हा फ्रेंच तंत्रज्ञ झारच्या मोटारखान्यात कामाला होता. झारच्या गाड्या बर्फातून चालाव्यात म्हणून त्याने मागच्या चाकांऐवजी लवचिक पट्टे बसवले. मऊ बर्फावर हलका, लवचिक पट्टाच हवा होता. क्रांतीनंतर केग्रेस मायदेशी परतला आणि सिट्रोएन कंपनीशी जोडला गेला. डिसेंबर 1922 मध्ये त्याच्या रबरी पट्ट्यांच्या पाच गाड्या अल्जेरियातल्या तुगुर्तहून निघाल्या आणि 7 जानेवारी 1923 रोजी सहारा ओलांडून तिंबक्तूला पोहोचल्या. 1931 मध्ये याच कंपनीची मोहीम श्रीनगरला आली. तिथून दोन गाड्या, जागोजागी सुट्या करून, हमालांच्या खांद्यावरून नेत, गिलगिटपर्यंत गेल्या. पुढे गाड्या सोडून जनावरांच्या पाठीवर प्रवास करावा लागला. ज्या पट्ट्याने वाळवंट जिंकले त्याला हिमालयाच्या पाऊलवाटांनी थांबवले.

मिनी पोकलेन जपानमध्ये जन्माला आला तो शहरांच्या गल्ल्यांसाठी. ताकेउची कंपनीने 1970-71 च्या सुमारास संपूर्ण गोल फिरणारे छोटे खोदयंत्र बाजारात आणले. यान्मार, कुबोता याही कंपन्या त्या क्षेत्रात उतरल्या. पाण्याचे नळ, गटारे, दोन घरांमधल्या अरुंद जागा ही त्यांची कामे. पोलादी पट्टा तिथे डांबर उखडे, फरशी फोडे, आवाज करी. याच सुमारास जपानी भातशेतीत कापणीयंत्रांना रबरी पट्टे लागू लागले होते आणि 1960 च्या दशकाच्या अखेरीस ब्रिजस्टोनसारखी टायर कंपनी त्यांत उतरली होती. चिखलासाठी केलेला तो पट्टा शहराच्या रस्त्यालाही मानवला. दिसायला तो नुसता रबराचा असला तरी आत लांबीच्या दिशेने पोलादी तारांचे पदर असतात, आडवे लोखंडी गाभे असतात आणि यंत्राच्या दातेरी चाकाचे दात त्या गाभ्यांना पकडतात.

भाच्याचा पट्टा का गेला ते इथे उलगडते. जांभ्याच्या तुटक्या कडेने रबराला चीर पडली. चिरेतून पाणी आत गेले, तारा गंजल्या आणि एके दिवशी वळण घेताना पदर तुटला. रबर वाईट नव्हते. चिखल आणि डांबर यांसाठी केलेला रस्ता मी जांभ्यावर टाकायला सांगितला होता.

मग निवडायचे कसे? पहिला प्रश्न जमिनीचा, पण तो अर्धाच. रुंद पट्टा भार पसरवतो. 1700 किलोच्या यंत्राचे 23 सेंटिमीटर रुंदीचे दोन पट्टे प्रत्येकी 120 सेंटिमीटर जमिनीला टेकले, तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण 0.3 किलो भार येतो. चालताना माणसाचा एक पाय टेकतो तेवढाच. म्हणून भातखाचरात रुंदी कामाची. पण रुंद पट्टा वळताना जास्त घासतो आणि दगडावर जास्त पिळवटतो. रुतणार नाही एवढा रुंद आणि त्याहून अधिक नाही, हे जुन्या मिस्त्रींचे माप होल्टच्या अवाढव्य चाकांनाही लागू पडते.

दुसरा प्रश्न मापाचा. रबरी पट्ट्यावर 300×52.5×80 असे तीन आकडे असतात. पहिला रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा दोन गाभ्यांमधले अंतर, तिसरा गाभ्यांची संख्या. मागच्या दोघांचा गुणाकार म्हणजे पट्ट्याचा घेर. इथे 4200 मिलिमीटर. घेर जुळला आणि गाभ्यांतले अंतर वेगळे असले तरी दात बसत नाहीत. आकडे तिन्ही जुळूनही रोलर धावण्याची आतली ठेवण वेगळी असू शकते. म्हणून जुना पट्टा समोर ठेवूनच नवा घ्यावा.

तिसरा प्रश्न पट्ट्याच्या सोबत्यांचा. झिजून टोकदार झालेल्या दातेरी चाकावर नवा पट्टा चढवला तर ते चाक त्याला लवकर खाते. खालच्या रोलरमधून तेल गळत असेल तर तो कधी अडकेल याचा नेम नाही. शक्यतो दोन्ही पट्टे जोडीनेच बदलावेत, नाहीतर यंत्र एका अंगाला ओढते. आणि ताण. यंत्र उचलून पट्टा अधांतरी धरला की तो खाली किती झोळतो हे मोजायचे. किती चालेल ते त्या यंत्राच्या पुस्तकात दिलेले असते. सैल पट्टा वळणावर उतरतो, लिंकनला उतरला तसाच. फार आवळला तर पुढचे आयडलर चाक आणि बेअरिंगे झिजतात. समोरच्या सिलिंडरात ग्रीस भरून किंवा सोडून ताण जुळवायचा, एवढेच ते काम. पण ते आठवड्याला करावे लागते.

दिवाळीआधी भाच्याकडे जाऊन आलो. त्याने पुन्हा पोलादी पट्टे चढवले आहेत, दातेरी चाकांसकट. त्या पैशांतला काही भाग मी दिला. तो नको म्हणत होता. कामाच्या जागेकडे जाताना मध्ये ग्रामपंचायतीचा काँक्रीटचा रस्ता लागला. त्याने यंत्र थांबवले. मदतनीस पोराने टेम्पोतून जुने टायर काढून पट्ट्यांपुढे मांडले. यंत्र त्यांवर चढले की मागचे मोकळे झालेले टायर उचलायचे आणि पळत पुढे आणून टाकायचे. रस्त्यावर ओरखडा न उठता पोकलेन पलीकडे गेला. भाचा वरून म्हणाला, "मामा, हसताय काय?" एजवर्थचे पेटंट त्याला कसे सांगावे ते मला सुचले नाही. मी दोन टायर उचलून पोराच्या मागे निघालो.