नाच पुढे, मरण मागे

पहिल्यांदा ती चित्रफीत पाहिली तेव्हा मला मरण दिसले नाही, नाच दिसला. हा कबुलीजबाब आधी देतो आणि मगच पुढे लिहितो. कारण या लेखाचा विषय ती चित्रफीत जितकी आहे, तितकाच मी, म्हणजे तिचा प्रेक्षकही आहे.

वसतिगृहातल्या मुलांनी मोबाइलच्या वीतभर पडद्यावर ती मला दाखवली. ‘धिस इज अमेरिका’ हे तिचे नाव. गायक डोनाल्ड ग्लोव्हर. हे गाणे तो चाइल्डिश गॅम्बिनो या नावाने गायला. दिग्दर्शक हिरो मुराई. 5 मे 2018 रोजी ती प्रसिद्ध झाली. चार मिनिटांचा खेळ. संपल्यावर एका मुलाने विचारले, “सर, मागून पांढरा घोडा गेला, तो पाहिलात का?” मी पाहिला नव्हता. पुन्हा लावायला सांगितली. घोडा होता, त्यावर काळी टोपी ओढलेला स्वार होता, मागोमाग पोलिसांची गाडी होती. मी मात्र नाचणाऱ्याच्या पायांकडे पाहत होतो.

हे माझ्या एकट्याच्या डोळ्यांचे अपयश नव्हते. चित्रफितीची रचनाच तशी आहे. एक प्रचंड मोठे रिकामे गोदाम. एक माणूस खुर्चीवर येऊन बसतो आणि गिटार वाजवू लागतो. कॅमेरा त्याला सोडून सरकत पुढे जातो, तर तेथे उघड्या अंगाचा ग्लोव्हर पाठमोरा उभा. तो वळतो, नाचू लागतो, आणि नाचत नाचत आपल्याला पुन्हा त्या खुर्चीकडे नेतो. आता त्या माणसाच्या तोंडावर पिशवी बांधलेली आहे. हातात गिटार नाही. ग्लोव्हर कमरेमागून पिस्तूल काढतो, गुडघे वाकवून, अंगाला एक चमत्कारिक बाक देऊन उभा राहतो आणि त्याच्या डोक्यात गोळी घालतो. त्याच क्षणी गोड कोरस थांबतो आणि खालच्या पट्टीतले जड ठेके सुरू होतात. एक पोरगा लाल कापड घेऊन धावत येतो. पिस्तूल त्या कापडात अलगद ठेवले जाते. प्रेत मात्र दोघे जण फरफटत ओढून नेतात. शस्त्राला मखमल आणि माणसाला फरशी! राज्यशास्त्राच्या तासाला जे सांगायला मला अर्धा तास लागला असता, ते येथे काही सेकंदांत, एक शब्दही न उच्चारता सांगितले आहे.

पुढे शाळेच्या गणवेशातली मुले त्याच्याबरोबर नाचतात. कॅमेरा नाचणाऱ्याच्या समोरून त्याच्या चालीनेच मागे सरकत राहतो. तुकडे पाडून जोडलेली दृश्ये फार थोडी. बहुतेक सारे एका दमात घेतल्यासारखे दिसते. नाच चौकटीच्या मधोमध, स्पष्ट आणि जवळ. त्याच्यामागे लोक पळत आहेत, गाड्या जळत आहेत, दंगल चालली आहे. काहीही लपवलेले नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. सारे त्याच चौकटीत आहे. फक्त ते मागे आहे. दिसत असूनही न दिसण्याची ही व्यवस्था आहे, आणि अस्पृश्यतेच्या मुलखात जन्मलेल्या माणसाला ती निराळी समजावून सांगावी लागत नाही.

त्या वाकलेल्या अंगाचा इतिहास मात्र समजून घ्यावा लागतो. 1830 च्या सुमारास टॉमस राइस नावाचा एक गोरा नट तोंडाला काजळी फासून ‘जिम क्रो’ नावाच्या काळ्या गुलामाचे सोंग आणू लागला. एक गुडघा वाकलेला, हात कमरेवर, अंग वेडेवाकडे, असे त्याचे चित्र गाण्यांच्या छापील वह्यांवर झळकले. काळा माणूस म्हणजे नाचणारा, हसवणारा, बिनडोक प्राणी, ही समजूत त्या सोंगाने घरोघर पोहोचवली. पुढे बर्ट विल्यम्ससारख्या खऱ्या काळ्या नटालाही काजळी फासूनच रंगमंचावर उभे राहावे लागले. स्वतःचा काळेपणा त्याला पुरला नाही. दक्षिणेत काळ्यांना गाडीत, शाळेत, पाणवठ्यावर वेगळे ठेवणारे जे कायदे झाले, त्यांनाही याच सोंगाचे नाव पडले. 1896 च्या प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या वेगळेपणावर मोहोर उठवली. विनोदाचे नाव कायद्याला मिळाले, यापेक्षा रंगभूमीच्या सामर्थ्याचा वेगळा पुरावा कशाला हवा? ग्लोव्हर गोळी घालताना जो बाक देतो, तो अनेक जाणत्या प्रेक्षकांनी जिम क्रोचाच म्हणून ओळखला. मलाही तो अर्थ पटतो. सोंग आणि खून यांचे नाते तो एका अंगविक्षेपात उभे करतो.

पुढच्या एका दृश्यात चर्चमधला गायकवृंद आनंदाने गात आहे. ग्लोव्हर दारातून येतो, त्यांच्याबरोबर थोडा डोलतो, मग त्याच्याकडे बंदूक फेकली जाते आणि सारा गायकवृंद कोसळतो. 17 जून 2015 रोजी चार्ल्स्टन येथील चर्चमध्ये एका वर्णद्वेष्ट्या गोऱ्या तरुणाने नऊ काळ्या भाविकांना मारले, त्याची आठवण येथे टाळताच येत नाही. पुन्हा लाल कापड येते, पुन्हा नाच पुढे सरकतो, आणि आपणही त्याच्यामागे सरकतो. वरच्या सज्जात तोंडाला पांढरे फडके बांधलेली मुले मोबाइलवर हे सारे टिपत बसलेली आहेत.

या मोबाइलपाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबलो. कारण अमेरिकेत काळ्यांच्या मरणाकडे रोखलेल्या कॅमेऱ्याला मोठा आणि दुहेरी इतिहास आहे. जमावाने झाडाला टांगलेल्या काळ्या माणसांची छायाचित्रे काढली जात, त्यांची टपालकार्डे विकली जात, आणि त्या चित्रांत गोरी माणसे कॅमेऱ्याकडे निर्धास्तपणे पाहत उभी असत. तो कॅमेरा मारणाऱ्यांचा होता. मग 1955 मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाचा खून झाला. त्याची आई मेमी टिल हिने शिकागोत शवपेटी उघडी ठेवली. ‘जेट’ या काळ्यांच्या साप्ताहिकाने त्या विद्रूप केलेल्या चेहऱ्याचे छायाचित्र छापले. गोऱ्या ज्यूरीने आरोपींना सोडले. पण ते चित्र एका पिढीला चळवळीत घेऊन आले. कॅमेरा तोच, हात बदलला, म्हणून अर्थ बदलला. 1991 मध्ये लॉस एंजलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंगला मारले, ते एका रहिवाशाने टिपले. पुरावा डोळ्यांसमोर असूनही 1992 मध्ये राज्याच्या न्यायालयात ज्यूरीने एकालाही दोषी ठरवले नाही. 2020 मध्ये जॉर्ज फ्लॉइडचा जीव जाताना सतरा वर्षांच्या मुलीने मोबाइल रोखून धरला, आणि त्या वेळी मात्र शिक्षा झाली.

आपल्याकडे हा इतिहास परका नाही. जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीविरोधी लोकांना अर्पण केली. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथरने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले. 11 जुलै 2016 रोजी गुजरातमधल्या उना तालुक्यात मेलेली गाय सोलणाऱ्या दलितांना मारहाण झाली, तिची चित्रफीत मारणाऱ्यांनीच दहशत बसावी म्हणून पसरवली. झाले उलटेच. दलितांनी मेलेली ढोरे सरकारी कचेऱ्यांपुढे आणून टाकली. त्यांचे टपालकार्ड आपण मेमी टिलच्या शवपेटीसारखे उलटवले.

आणि नाच पुढे, मरण मागे, हेही आपल्याला ठाऊक आहे. विठाबाई नारायणगावकरांची हकीकत सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा आल्या तशा मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर जायला निघाल्या. ही गोष्ट आपण कलेच्या निष्ठेची म्हणून कौतुकाने सांगतो. कनातीच्या मागे त्या बाईला दगडाखेरीज काहीच का मिळाले नाही, हा प्रश्न मात्र आपण कौतुकात बुडवतो. शिट्टी मारणाऱ्याला कनातीमागचे दिसत नाही; त्याने तिकीट पुढचे काढलेले असते.

आता माझा आक्षेप. या चित्रफितीतल्या मेलेल्यांना नाव नाही. गिटारवाल्याच्या तोंडावर पिशवी आहे. गायकवृंद क्षणात विसरला जातो. प्रेक्षकाला पकडण्यासाठी पुन्हा काळ्यांचीच प्रेते वापरली, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मी झटकून टाकू शकत नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये या गाण्याला चार ग्रॅमी पारितोषिके मिळाली. ज्या व्यवस्थेवर बोट ठेवले, तिनेच टाळ्या वाजवल्या. ग्लोव्हर त्या सोहळ्याला गेला नाही. त्याच्या गैरहजेरीचा अर्थ ज्याने त्याने लावावा. पण पारितोषिक विद्रोहाला पचवू शकते, हे आपण दलित साहित्याच्या बाबतीतही पाहिले आहे. मेमी टिलने जगाला चेहरा दाखवला होता. ग्लोव्हर आरसा दाखवतो. आरसा आवश्यक आहे. पण चेहऱ्याची जागा तो घेऊ शकत नाही.

शेवटच्या दृश्यात अंधार आहे. ग्लोव्हर जीव घेऊन धावत आपल्या दिशेने येतो. डोळे विस्फारलेले. मागे अस्पष्ट माणसांचा लोंढा. ज्याने सर्वांना नाचवले, तोही सुटलेला नाही. नाच हे त्याचे कवच नव्हते. येथे पहिल्यांदाच आपण पायांकडे न पाहता डोळ्यांकडे पाहतो.

त्या मुलांना मी नंतर एकच काम सांगितले. पुढच्या वेळी कोणतीही चित्रफीत दोनदा पाहा. एकदा पुढचे पाहा, एकदा मागचे. आणि तिसऱ्यांदा कॅमेरा कोणाच्या हातात आहे ते विचारा. हे शिकवायला मला एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाची गरज पडली, याची लाज वाटते. पण तो प्रश्न आमच्या वसतिगृहातल्या मुलाने विचारला, याचा आनंद त्याहून मोठा आहे.