बहुमताचा धनी कोण? : वर्धा, १९३७-३८

१९३५ च्या कायद्यान्वये १९३६-३७ च्या हिवाळ्यात ब्रिटिश हिंदुस्थानच्या अकरा प्रांतांत निवडणुका झाल्या. त्या प्रांतिक कायदेमंडळांच्या असल्या, तरी देशाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हाच खरा प्रश्न होता. तीन कोटींहून अधिक मतदार धर्मवार विभक्त मतदारसंघांत विभागलेले होते. काँग्रेसला १,५८५ पैकी ७११ जागा मिळाल्या. मुसलमानांच्या राखीव जागांपैकी मात्र तिने ५८ लढविल्या व २६ जिंकल्या. निवडणुकीने दुही मिटविली नाही. तिची मोजदाद केली.

मध्यप्रांत-वऱ्हाडात काँग्रेसने ११२ पैकी ७० जागा जिंकल्या. तथापि गव्हर्नर आपले विशेषाधिकार वापरणार नाहीत, असे आश्वासन मिळेपर्यंत अधिकार स्वीकारावयाचा नाही, अशी तिची भूमिका होती. त्यामुळे काही महिने अल्पमताच्या मंत्रिमंडळाने कारभार पाहिला. अखेर जुलै १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या काँग्रेस कार्यकारिणीने अधिकारग्रहणास अनुमती दिली आणि डॉ. ना. भा. खरे नागपुरात मुख्य प्रधान झाले. मत प्रांताने दिले, निर्णय वर्ध्यात झाला.

या व्यवस्थेची कसोटी वर्षभरात लागली. बहुमतातही भाषिक दुही होतीच : महाकोशल हिंदीभाषी, तर नागपूर विभाग व वऱ्हाड मराठीभाषी. मतभेद विकोपास जाऊन जुलै १९३८ मध्ये खऱ्यांनी राजीनामा दिला. महाकोशलच्या तीन मंत्र्यांनी राजीनामे नाकारले. तेव्हा गव्हर्नरांनी त्यांना दूर करून खऱ्यांचे नवे मंत्रिमंडळ नेमले. पक्षश्रेष्ठींना हे मान्य झाले नाही. खऱ्यांना पुन्हा पद सोडावे लागले. सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असलेल्या कार्यकारिणीने वर्ध्यात त्यांना दोषी ठरविले आणि पं. रविशंकर शुक्ल मुख्य प्रधान झाले.

मुख्य प्रधानास सहकारी निवडण्याचा अधिकार असावा, ही भूमिका संसदीय संकेतास धरून होती. उलट, मते पक्षाच्या प्रतिज्ञेला मिळालेली होती, हेही नाकारता येत नाही. या वादात मतदारास मात्र पुन्हा विचारले गेले नाही.

हिंदी व मराठी जिल्ह्यांचा संसार पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने वेगळा झाला; वर्धा जिल्हा प्रथम मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. म्हणजे ही दुही मतपेटीने नव्हे, सीमारेषेने सुटली. बहुमत मोजता येते. त्याचा धनी कोण, हे मात्र निवडणुकीपूर्वीच ठरलेले असावे लागते. १९३७ मध्ये ते ठरलेले नव्हते.