नेहमी चालू लाइनला ‘कनेक्ट’चं बटण का होतं?

मागच्या व्याख्यानात आपण डायल-अपपाशी थांबलो होतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने मुंबईसह मोजक्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. पुढे घरोघरी मोडेम आले. मोडेम फोन लावायचा, नाव-पासवर्ड सांगायचा, काम झालं की आपण लाइन सोडून द्यायची. ही ओळखपाळख ज्या नियमांनी व्हायची ते म्हणजे पीपीपी.

मग त्याच तांब्याच्या तारेवर डीएसएल आलं. आता लाइन सतत चालू. मग पलीकडचं गिऱ्हाईक कोण, हे कंपनीने ओळखायचं कसं?

याची दोन उत्तरं निघाली. एक डीएचसीपीचं: यंत्र जोडा, पत्ता मिळेल, नाव-गाव विचारणार नाही. घरच्या माणसाला हे सोपं. पण बरेच केबलवाले संगणकाच्या कार्डाचा मॅक क्रमांक नोंदवून ठेवायचे. संगणक बदलला की करा फोन!

दुसरं उत्तर फेब्रुवारी १९९९ मध्ये लिहून प्रसिद्ध झालं: पीपीपीओई, म्हणजे इथरनेटवरून पीपीपी. कंपन्यांकडे डायल-अपच्या काळातली खाती, पासवर्ड, बिलाची व्यवस्था तयारच होती. ती मोडायची कशाला? तीच इथरनेटवर चढवली.

आता याची किंमत बघा. इथरनेटच्या एका पाकिटात १५०० बाइट मावतात. पीपीपीओई त्यातले ८ स्वतःसाठी घेतं, उरतात १४९२. आठ बाइट म्हणजे काय मोठंसं? पण मोठं पाकीट वाटेत अडलं, तर ‘लहान करून पाठवा’ असा निरोप मागे जायला हवा. काही ठिकाणी फायरवॉल तो निरोपच अडवायचे. परिणाम असा की छोटी मेल जायची, आणि एखादं संकेतस्थळ अर्धवट उघडून लटकायचं. लोक बिचारे संगणकाला दोष द्यायचे! नंतर राउटर पाकिटाचा आकार आधीच कमी करून घेऊ लागले आणि हा त्रास बराच कमी झाला.

आपल्याकडे २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात व्याख्याच अशी होती: नेहमी चालू असलेली, किमान २५६ केबीपीएसची जोडणी. आणि घरात? डेस्कटॉपवर ‘कनेक्ट’चं चिन्ह! हसू येतं, पण डेटा मोजून मिळायचा तेव्हा तेच बटण उपयोगी होतं. लाइन बंद केली की वापर थांबला, याची खात्री असायची.

दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. नाव-पासवर्ड आपल्याकडे असला, तर मोडेम ब्रिज मोडवर टाकून आपल्या पसंतीचा राउटर लावता येतो. सहसा कोणाची परवानगी लागत नाही. आज फायबर आलं, पण अनेक घरांत पीपीपीओई चालूच आहे. फक्त पासवर्ड कंपनीच्या डब्यात बसवलेला असतो आणि घरमालकाला तो माहीतच नसतो. म्हणजे त्रास आपल्या वाट्याला राहिला, फायदा मात्र निसटला.

तेव्हा नवी जोडणी घ्याल, त्या दिवशी वेग विचाराच, पण जोडणी कोणत्या पद्धतीची आहे आणि पासवर्ड मिळेल का, हेही विचारा. बसवायला आलेला माणूस निघून जाण्याआधी ते वहीत लिहून घ्या.

आता आपण प्रश्नांकडे वळू.