बोटांना कळणारा आवाज

कोलकात्याच्या खिदिरपुरातून निघणारा डायमंड हार्बर रोड मोमिनपूर, माझेरहाट मागे टाकून बेहालात शिरतो. तिथल्या एका बसथांब्याचे नावच ‘ब्लाइंड स्कूल’ आहे. लालबिहारी शाह यांनी १८९७ साली सुरू केलेली ती अंधशाळा. मुंबईत ॲना मिलार्ड यांनी शाळा काढली त्याच्या तीन वर्षे आधीची. शाह यांनी बंगाली अक्षरे ब्रेलच्या सहा टिंबांत बसवून दिली. याच रस्त्याच्या खिदिरपूरकडच्या टोकाला, १८९२ मध्ये खुल्या झालेल्या गोदीच्या आसऱ्याने, पुढे फॅन्सी मार्केट वाढले. आयातीवर कडक निर्बंध होते त्या काळात परदेशी घड्याळे, ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर हवा असेल तर लोक तिथे जात. एकीकडे बोटांनी वाचायची लिपी, दुसरीकडे आवाज साठवणारे यंत्र. अंध माणसाच्या ध्वनिसंपादनाला या दोन्ही गोष्टी लागतात: काम बोटांनी करता आले पाहिजे आणि झालेले काम कानाला कळले पाहिजे. आज संगणकावर संपादनाचे सॉफ्टवेअर निवडतानाही हीच कसोटी पहिली आणि शेवटची मानावी, असे माझे मत आहे; आणि त्याला या कलेचा इतिहासच आधार देतो.

तबकडीच्या जमान्यात संपादन नव्हतेच. मन्ना डे यांचे काका, अंध गायक कृष्णचंद्र डे कोलकात्यात गात तेव्हा गाणे थेट मेणावर कोरले जाई. चुकले तर सगळे पुन्हा. अंध आणि डोळस गायक तिथे एकाच पायरीवर उभे होते. मग टेप आली. स्पूलवरची पाव इंच रुंदीची फीत सेकंदाला साडेसात इंच, म्हणजे १९ सेंटिमीटर सरकते. अर्ध्या सेकंदाचा खोकला साडेनऊ सेंटिमीटर लांब, जवळजवळ तळहाताच्या रुंदीएवढा. स्पूल हाताने पुढेमागे फिरवले की हेडवर शब्दाची सुरुवात गुरगुरत ऐकू येते. तिथे थांबायचे, फीत खोबणीच्या ठोकळ्यात बसवायची, तिरक्या फटीतून ब्लेड ओढायचे आणि टोके जुळवून चिकटपट्टी लावायची. डोळ्यांची गरज पडते ती फक्त पेन्सिलीच्या खुणेपुरती. हेडपासून ठोकळ्याचे अंतर ठरलेले असेल तर तीही बोटांनी मोजून भागते. १९६३ मध्ये आलेल्या कॅसेटने फीत डबीत बंद केली, तरी बटणे बोटांखालीच राहिली. बोलक्या पुस्तकांच्या कॅसेटवर प्रकरणाच्या किंवा पानाच्या आरंभी एक खालचा स्वर भरून ठेवत. फीत वेगाने पळवली की तोच स्वर ‘बीप’ होऊन ऐकू येई. कानासाठी केलेली ही खूण मला फार शहाणपणाची वाटते.

संगणकाने हे सारे काढून घेतले. आवाजाची नागमोडी रेघ पडद्यावर आली, ती माउसने ओढून निवडायची आणि कापायची. डोळसांचे काम सोपे झाले, अंधांच्या बोटांखाली मात्र गुळगुळीत काच उरली. टेड हेंटर या अंध प्रोग्रॅमरच्या कंपनीने १९८९ मध्ये डॉससाठी आणि नंतर विंडोजसाठी ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम आणला, पण तो महाग. शिवाय स्क्रीन रीडरला प्रोग्रॅम जेवढे सांगतो तेवढेच बोलता येते. बटणे नुसती चित्रासारखी रंगवलेली असली तर तो गप्प बसतो. २००६ मध्ये मायकल करन आणि जेम्स तेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांच्या कामातून मोफत स्क्रीन रीडर ‘एनव्हीडीए’ उभा राहिला. याच तेह यांनी पुढे ‘रीपर’ या संपादन-प्रोग्रॅमसाठी ‘ओसारा’ हे मुक्त पूरक लिहिले. मोफत ‘ऑडॅसिटी’ त्याआधीच, २००० साली आली होती. तिच्यात आवाज चालू असताना डाव्या चौकटी कंसाची कळ दाबली की निवडीची सुरुवात ठरते, उजव्या कंसाची दाबली की शेवट, मग डिलीट. कान ठरवतो, बोट पकडते. स्पूलवरची जुनीच क्रिया.

यावर कोणी म्हणेल, शेजारी डोळस मदतनीस बसवला की झाले. पण आठ तासांच्या पुस्तकात श्वास, अडखळणे, उलटलेली पाने मिळून शेकडो दुरुस्त्या निघतात. एवढा वेळ कोणी सतत बसत नाही, आणि विराम किती ठेवायचा हा निर्णय वाचणाऱ्याचाच असायला हवा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: स्टुडिओत जे वापरतात तेच शिकावे, नाहीतर नोकरी कशी मिळणार? एकाच प्रकल्पावर अनेकांनी काम करायचे असेल तर हे खरे आहे, कारण एका प्रोग्रॅमची अनेक ट्रॅकची फाइल दुसऱ्यात सहसा उघडत नाही. पण बहुतेक कामात हाती द्यायची असते ती तयार ध्वनिफीत, आणि ती कशावर कापली हे ऐकणाऱ्याला कळत नाही. म्हणून एकट्या आवाजाच्या वाचनाला ऑडॅसिटी किंवा ‘गोल्डवेव्ह’ पुरते. गाणी, नाटक, अनेक ट्रॅक असतील तर ओसारा बसवलेले रीपर घ्यावे. आधी किंमत आणि सोयींची लांबलचक यादी पाहणे ही चुकीची सुरुवात आहे.

२०१२ च्या दुरुस्तीने भारतीय कॉपीराइट कायद्यात अंधांसाठी पुस्तक सुलभ स्वरूपात आणायला सवलत मिळाली, आणि २०१४ मध्ये याच विषयावरचा आंतरराष्ट्रीय माराकेश करार मंजूर करणारा भारत जगातला पहिला देश ठरला. ध्वनिमुद्रणाची कायदेशीर वाट मोकळी आहे. तेव्हा शाळा, ग्रंथालये आणि ध्वनिमुद्रण केंद्रे चालवणाऱ्यांना एवढीच विनंती: सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी माउस काढून ठेवा, मॉनिटर बंद करा, स्क्रीन रीडर चालू करा आणि एका मिनिटाच्या वाचनातला एक खोकला काढून दाखवायला सांगा. तो निघाला नाही तर ते घेऊ नका.