बालगुन्हेगारीविषयक कायद्याची वाटचाल : युरोप आणि महाराष्ट्र

प्रस्तावना :
गुन्हा करणाऱ्या मुलास शिक्षा द्यावी की सुधारण्याची संधी, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात युरोपात आणि मुंबई इलाख्यात जवळपास एकाच काळात पुढे आला. प्रस्तुत निबंधात त्याच्या उत्तरांचा तौलनिक आढावा घेतला आहे.

सुधारगृहाकडून न्यायालयाकडे :
फ्रान्समध्ये मेत्रे येथे १८४० मध्ये अशा मुलांसाठी शेती-वसाहत सुरू झाली. भारतात १८५० च्या कायद्याने किरकोळ गुन्हा करणाऱ्या मुलास कारागिराच्या हाताखाली उमेदवारीस ठेवण्याची सोय केली. मुंबईतील डेव्हिड ससून सुधारगृह १८५७ मध्ये याच विचारातून उभे राहिले. तथापि खटला प्रौढांच्याच न्यायालयात चाले. इंग्लंडने १९०८ मध्ये स्वतंत्र बालन्यायालये स्थापिली. १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीनेही तसाच आग्रह धरला. मद्रास (१९२०) व बंगाल (१९२२) यांच्यापाठोपाठ मुंबईचा बालक कायदा १९२४ मध्ये संमत झाला आणि १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटीची स्थापना झाली. या कायद्याच्या कक्षेत गुन्हा करणाऱ्या मुलांबरोबर निराधार मुलेही होती. परिणामी, केवळ बेघर असलेले मूलही संस्थेत डांबले जाण्याचा धोका निर्माण झाला. संरक्षण आणि बंधन यांतील सीमारेषा तेव्हापासून पुसट राहिली.

वयोमर्यादेचा प्रश्न :
स्कॉटलंडमध्ये १९७१ पासून बहुसंख्य प्रकरणे न्यायालयाऐवजी सामान्य नागरिकांच्या मंडळापुढे जातात. जर्मनीत १९५३ पासून अठरा ते वीस वर्षांच्या तरुणासही, त्याची परिपक्वता अल्पवयीनासारखी आढळल्यास, बालगुन्हेगारी कायदा लागू करता येतो. भारतात १९८६ च्या कायद्याने मुलांसाठी सोळा व मुलींसाठी अठरा वर्षे ही मर्यादा ठरविली. २००० मध्ये ती दोघांसाठी अठरा झाली. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर मात्र २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयोगटातील मुलावर, निर्घृण गुन्ह्याच्या आरोपात, प्राथमिक मूल्यमापनानंतर प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची तरतूद केली.

निष्कर्ष :
परिपक्वतेचा निकष दोन्हीकडे आहे, परंतु त्याची दिशा परस्परविरुद्ध आहे. जर्मनीत तो तरुणास संरक्षणाच्या कक्षेत आणतो, तर आपल्याकडे मुलास त्याबाहेर नेतो. मे २०२४ मधील पुण्याच्या मोटार अपघातात दोघांचा बळी गेला व जामिनासाठी निबंध लिहिण्याची अट घातली गेली, तेव्हा उसळलेला लोकक्षोभ समजण्याजोगा होता. परंतु एका प्रकरणातील संतापावर सर्व मुलांसाठीचा कायदा बेतणे योग्य नाही. मुलास प्रौढांच्या न्यायालयातून बाहेर काढण्यास मुंबई इलाख्याला १८५० पासून पाऊणशे वर्षे लागली. ती वाट उलट चालण्यापूर्वी हा इतिहास विचारात घेणे अगत्याचे आहे.